कथेतला जादुई धातू कसा घडवावा: खोट आधी, चकाकी शेवटी

फँटसी लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं वाचताना एक धातू मला सारखा भेटतो. नाव दर वेळी नवं, अंग तेच: पिसासारखा हलका, कशानेही न तुटणारा, अंधारात निळसर चमकणारा आणि जगात एकाच डोंगरात सापडणारा. मीही असा एक घडवला होता. ‘या धातूला कोणतंही हत्यार ओरखडा काढू शकत नाही’ असं पहिल्याच प्रकरणात ऐटीत लिहिलं होतं. वाचून मैत्रिणीने एवढंच विचारलं, “मग त्याची तलवार केली कशाने?” दोन प्रकरणं टोपलीत गेली.

चूक कल्पनाशक्तीत नसते, क्रमात असते. आधी नाव सुचतं, मग रंग, मग शक्ती; आणि कथा अडली की मर्यादांची ठिगळं लावली जातात. खाली क्रम उलटा आहे. सोबत एक धातू पहिल्या पायरीपासून घडवत नेला आहे. सोयीसाठी त्याला आत्ताच ‘अबोल’ म्हणतो. हे नाव प्रत्यक्षात फार उशिरा सुचलं.

## तयारी: लिहिण्याआधी वहीत काय हवं

दोन कोरी पानं घ्या. एकावर खऱ्या धातूंचे आकडे उतरवा. हे टाळून पुढे गेलात तर चौथ्या पायरीवर परत यावं लागेल.

वितळण्याचं तापमान, अंश सेल्सिअसमध्ये: कथील २३२, शिसं ३२७, चांदी ९६२, सोनं १०६४, तांबं १०८५, लोखंड १५३८.

घनता, एका घन सेंटीमीटरला ग्रॅममध्ये: अ‍ॅल्युमिनियम २.७, लोखंड ७.९, तांबं ९, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३.

दुसऱ्या पानावर कामाचे शब्द लिहा: भाता, ऐरण, घण, सांडशी, मूस (धातू वितळवायचं भांडं), रस (वितळलेला धातू), कीट (वितळताना सुटणारा मळ), पाणी देणं (तापलेलं पातं बुडवून कडक करणं), कस लावणं (शुद्धता पाहणं). तुमच्या दुनियेतला लोहार याच शब्दांत बोलेल. लोहारकाम प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर उत्तम. नाहीतर व्हिडिओ पाहा, पण आवाज बंद करून नको. ठोके, भात्याचा श्वास, पाण्यात बुडवतानाची चर्र. निम्मं काम कानाने चालतं. माझा अबोल तिथेच सुचला.

## १. धातूने कथेत करायचं काम ठरवा

एकच प्रश्न: हा धातू नसता तर कथेतलं कोणतं पान लिहिताच आलं नसतं?

‘नायकाची तलवार जास्त धारदार आहे’ हे उत्तर असेल तर चांगलं पोलाद पुरे, जादू खर्च करू नका. माझं पान असं होतं: लढाईत मेलेल्या सैनिकाची बायको त्याची ढाल घेऊन लोहाराकडे येते. तिला ढाल दुरुस्त करायची नाही. तिला ढालीत काय आहे ते ऐकायचं आहे.

तपासणी: ते पान तीन ओळींत लिहा. त्यात धातूच्या जागी ‘जादूची अंगठी’ घालून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर तुम्हाला धातू नकोच आहे. धातूला खाण लागते, भट्टी लागते, त्याचं भंगार होतं, तो वितळवून दुसरं काही करता येतं. यातलं निदान एक त्या पानात असायला हवं.

## २. नियम एका वाक्यात बसवा

अबोलचा नियम: अंगावर आलेला आवाज अबोल गिळतो, आणि लाल होईपर्यंत तापवला की तो परत बाहेर टाकतो.

बस. ‘शिवाय जखमाही भरतो’, ‘शिवाय दुष्टाच्या हाती गेला की काळा पडतो’ हे ‘शिवाय’ मोह पाडतात. प्रत्येक ‘शिवाय’ म्हणजे पुढे कुठेतरी पडणारं भोक.

नियम लिहून झाला की तो तीन माणसांच्या हाती द्या: एक चोर, एक कष्टकरी, एक लहान मूल. चोर म्हणेल, पायताणाला अबोलचा पत्रा मारतो, पाऊल वाजणार नाही. बरोबर. पण पायाखालची जुनी फळी करकरेलच, कारण ती घासते खिळ्यावर, अबोलवर नाही. खाणकामगार सांगेल की छताला दिलेले लाकडी टेकू मोडण्याआधी कुरकुरतात आणि त्या आवाजाने माणसं पळतात; अबोलच्या शिरेत मात्र भिंतीच आवाज पितात, त्यामुळे लांबच्या टेकूची कुरकुर पोचेपर्यंत विरलेली असते. मूल काय करेल? पत्र्याला तोंड लावून ओरडेल. मग पुन्हा ओरडेल.

या तिघांनी मला जेवढं कथानक दिलं तेवढं सहा महिन्यांच्या विचाराने दिलं नव्हतं.

सावधान: इथे वाचकाला हमखास पडणारा प्रश्न चुकवू नका. अबोलच्या खोलीत दोन माणसं बोलली तर एकमेकांना ऐकू जाईल का? जाईल. तोंडातून थेट कानाकडे जाणारा आवाज भिंतीला लागतच नाही. प्रतिध्वनी तेवढा मरेल आणि आपलाच आवाज परका वाटेल. अशा कडेच्या प्रसंगांची उत्तरं वहीत हवीत. कथेत ती येतीलच असं नाही.

## ३. खोट घाला

सबंध कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि सर्वांत जास्त वेळा वगळली जाणारीही. सोनाराच्या भाषेत खोट म्हणजे सोन्यातली भेसळ. शुद्ध सोनं इतकं मऊ की रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही, म्हणून त्यात तांबं किंवा चांदी घालावी लागते. जादुई धातूतही खोट आतूनच मिसळलेली हवी.

नेहमीची चूक अशी: शक्ती एकीकडे आणि कमजोरी भलतीकडे. धातू आग रोखतो, पण अमावस्येला निकामी होतो. का? लेखकाला गरज पडली म्हणून. वाचकाला ते लगेच कळतं.

खोट शक्तीच्याच पोटातून काढा. अबोल आवाज गिळतो; मग पोट भरल्यावर काय होतं? इथे खऱ्या धातूने वाट दाखवली. तांबं थंड असताना ठोकत राहिलं की कडक होत जातं आणि शेवटी चिरतं. तापवून नरम केलं की पुन्हा ठोकता येतं. तांब्याची भांडी घडवणारे हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवतात. अबोलचंही तसंच केलं: जितका आवाज भरेल तितका तो ठिसूळ होतो. लढाईत वापरलेली ढाल पुढच्या लढाईत काचेसारखी फुटू शकते. ती नरम करायची तर तापवायची. आणि तापवली की गिळलेलं सगळं कुणाला तरी ऐकावं लागतं.

आता किंमत आपोआप ठरली. सैन्याच्या ढाली नरम करणारा लोहार गावाबाहेर राहतो. कानात मेणाचे बोळे घालतो, तरी त्याला रात्री झोप नसते. हे ‘लोहार दुःखी आहे’ असं सांगावं लागत नाही, त्याच्या घराची जागाच सांगते.

मग मी एक बारकावा घातला: शेवटी गिळलेला आवाज आधी बाहेर पडतो. ढाल भट्टीत मंद लाल झाली की प्रथम तिला घेऊन आलेल्या बैलगाडीची खडखड ऐकू येते. त्यामागून घराच्या ओसरीवरचं रडणं. मग लढाई, किती तरी वेळ नुसती लढाई. आणि त्याच्याही मागे, ढाल लालभडक झाल्यावर, पहाऱ्यावर कंटाळलेल्या माणसाने स्वतःशीच गुणगुणलेली ओळ. बाईला तिथे थांबायचं आहे. लोहाराने तिथे आच कमी केली तर त्यामागचे आवाज आतच राहतील आणि ढाल अर्धवट ठिसूळ राहील. तिचा मुलगा उद्या तीच ढाल घेऊन जाणार आहे.

तपासणी: खोट काढून टाका आणि गोष्ट पुन्हा सांगून पाहा. गोष्ट सोपी आणि बरी वाटली, तर खोट वरवरची आहे. गोष्टच उरली नाही, तर पुढे जा.

कमजोरी शोधताना खरी रसायनंही चाळा. हातात धरल्यावर वितळणारा गॅलियम हा धातू (वितळण्याचं तापमान साधारण ३० अंश) अ‍ॅल्युमिनियमवर चोळला आणि तो आत शिरला, की मजबूत पत्रा बोटांनी मोडता येतो. कथलाचं पांढरं रूप १३ अंशांखाली हळूहळू करड्या भुकटीत बदलू शकतं. थंड प्रदेशात नेलेल्या धातूचा भुगा व्हावा, याला शापाची गरज नाही.

## ४. अंग ठरवा: वजन, वितळणं, रंग, गंज

आता पहिलं पान उघडा. या पायरीवर बरेच जण ‘हलका पण मजबूत’ लिहून मोकळे होतात. हलकेपणा नेहमी चांगला नसतो. घणाचं आणि कुऱ्हाडीचं काम वजनावरच चालतं. पिसासारखी कुऱ्हाड लाकडावरून उडेल. एका हाताने चालवायची मध्ययुगीन तलवार साधारण सव्वा किलोच्या आसपास असे. त्याच मापाची तलवार सोन्याची केली तर तीन किलोंच्या घरात जाईल. राजाला सोन्याची तलवार हातात घेऊन तासभर लढवू नका.

वितळण्याचं तापमान ठरवलं की तुमच्या दुनियेतलं अर्धं तंत्रज्ञान ठरतं. नुसत्या शेकोटीवर कथील आणि शिसं वितळतं. तांब्याला कोळसा आणि जोराचा वारा हवा. लोखंडाचा रस करणं हे त्याहून फार पुढचं काम. अबोलचं वितळणं मी तांब्याहून थोडं वर ठेवलं, म्हणजे गावातल्या चांगल्या भट्टीत तो ओतता येईल. आवाज सोडणं मात्र त्याच्या बरंच खाली, मंद लाल आचेपासून सुरू होतं. हा उंबरठा हवेतून काढलेला नाही: लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबकाला चिकटत नाही, निवलं की पुन्हा चिकटतं. गुणाला तापमानाचा उंबरठा असला की तो खरा वाटतो.

रंगाबद्दल थोडकंच. चमकणारा धातू लिहूच नका असं नाही, पण रात्री चमकणारं चिलखत घालून कुणी लपेल कसं, एवढं विचारून घ्या.

गंज विसरू नका. जुना झाल्यावर हा धातू कसा दिसतो? तांबं हिरवं होतं, चांदी काळवंडते, लोखंड तांबूस पापुद्रे सोडतं. दिल्लीचा लोहस्तंभ १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे; त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर राखणारा थर बनला. ‘कधीच गंजत नाही’ लिहायचं असेल तर असं एखादं कारण जोडा.

## ५. खाणीपासून ऐरणीपर्यंतचा रस्ता आखा

क्रम असा: दगड फोडणं, निवडणं, भाजणं, वितळवणं, कीट वेगळी करणं, ठोकणं किंवा ओतणं, पाणी, धार. तुमच्या धातूसाठी यातली एकच पायरी वेगळी करा. सगळ्याच वेगळ्या केल्यात तर वाचकाला धरायला काही राहत नाही.

इथल्या दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की वेगळ्या सांगतो.

पहिली: लोखंडाची तलवार साच्यात ओतणं. लालभडक रस साच्यात पडतो, दृश्य सुंदर दिसतं, पण ओतीव लोखंडात कर्ब (कार्बन) दोन टक्क्यांहून जास्त असतो आणि ते ठिसूळ असतं. पहिल्या वारात तुकडे. पोलादाची तलवार घडवतात, ओतत नाहीत. कांस्याच्या तलवारी मात्र खरंच ओतल्या जात. तेव्हा तुमचा धातू कांस्याच्या जातीचा की पोलादाच्या, हे आधी ठरवा.

दुसरी: जास्त आच म्हणजे चांगलं काम, हा समज. दक्षिण भारतातलं मुशीत तयार होणारं उच्च कर्बाचं पोलाद याचं उत्तम उदाहरण. सवयीप्रमाणे फार तापवून ठोकलं की त्याचे तुकडे पडत. ज्यांना त्याची आच माहीत होती त्यांच्या हाती त्याच पोलादाची नक्षीदार पाती होत. म्हणजे शत्रूने खाण जिंकली तरी धातू जिंकला असं होत नाही.

अबोलची वेगळी पायरी ठोकण्याची. लोहार घणाच्या नादावरूनही काम जोखतो. अबोल वाजतच नाही. म्हणून रंगावर जास्त विसंबावं लागतं, आणि आचेचा रंग उन्हात नीट दिसत नाही. अबोलची लोहारशाळा अर्ध्या अंधाराची असते. दाराला घोंगडी, आत भट्टीचा उजेड, ऐरणीवर घण पडतो आणि काहीच ऐकू येत नाही. नवा पोऱ्या पहिल्या दिवशी घण दुप्पट जोराने मारतो, कारण त्याला वाटतं की घाव बसतच नाही. दुपारपर्यंत त्याचं मनगट जातं.

सावधान: धातू निवल्यावरही ठोकत राहिलात, तर तो घणाचेच घाव गिळतो आणि काम पुरं होण्याआधी चिरतो. हे माझ्या लक्षात खूप उशिरा आलं, पण दुसऱ्या पायरीतल्या नियमातून ते सरळ निघतं. नियम पक्का असेल तर अशा गोष्टी सापडत जातात, सुचाव्या लागत नाहीत.

## ६. कसोटी आणि भेसळ

मौल्यवान वस्तू आली की नक्कल येते. सोनार काळ्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस पाहतो. तुमच्या धातूचा कस कसा पाहतात? त्यात फसवायचं कसं? दक्षिण अमेरिकेतले जुने कारागीर सोनं-तांब्याच्या मिश्रणाच्या पृष्ठभागावरचं तांबं आम्लाने काढून टाकत, म्हणजे वरून शुद्ध सोनं दिसे. अशी एक युक्ती तुमच्या व्यापाऱ्यांनाही द्या.

अबोलची परीक्षा सोपी वाटते: नाण्याने टिचकी मारा, वाजला नाही तर खरा. पण शिसंही बद्दच वाजतं, त्यामुळे शिशावर अबोलचा पत्रा चढवून विकणारे निघतातच. पक्की परीक्षा भट्टीची. तिथे शेवटून पहिला आवाज, म्हणजे सर्वांत तळाचा, घडवणाऱ्याच्या घणाचा असतो. प्रत्येक लोहाराची लय वेगळी. शिक्क्याची गरजच नाही. मात्र ती लय ऐकायला वस्तूतलं बाकी सगळं रितं करावं लागतं.

## ७. दुर्मीळ आहे, तर का?

‘एकाच डोंगरात सापडतो’ हे कारण सर्वांत आळशी. अ‍ॅल्युमिनियम पाहा. पृथ्वीच्या कवचात सर्वांत जास्त असलेला धातू तोच, तरी १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मानाने बसवला गेला, कारण तो वेगळा काढणं महाग होतं. १८८६ मध्ये विजेने तो काढण्याची पद्धत सापडली आणि पुढे तो स्वयंपाकघरात आला. माती तीच होती.

तेव्हा अडचण जमिनीत आहे, भट्टीत आहे, माणसांत आहे की कायद्यात, ते लिहा. अबोल पुष्कळ आहे. तो गाळायला तयार होणारी माणसं नाहीत. आणि उद्या कुणी आवाज बाहेर न पडू देता तो नरम करायची युक्ती काढली, तर गावाबाहेरच्या त्या लोहाराचं काय होईल? दुसरा भाग लिहायचा असेल तर इथून लिहा.

## ८. नाव

आता ठेवा. तीन माणसांकडून ठेवून घ्या: खणणारा, विकणारा, पंडित. खाणीत ‘मुकाट’, बाजारात ‘अबोल’, पोथीत ‘निःस्वन’. वापरात जे नाव आखूड, तेच कथेत मुख्य.

मोठ्याने वाचून पाहा, हे अगदी मनापासून सांगतो. माझं पहिलं नाव ‘मुका’ होतं. ‘सेनापतीने राजाला मुका दिला’ हे वाक्य मी गंभीर प्रसंगात लिहून चुकलो होतो.

‘-इयम’ लावून नाव केलं की ते प्रयोगशाळेतून आल्यासारखं वाटतं. नुसतं ‘वज्र’ किंवा ‘दिव्य’ जोडलं की वाचक पुढचं सगळं आधीच ओळखतो.

## ९. पानावर आणताना

वहीतलं दहातलं नऊ वहीतच राहू द्या. पहिल्या भेटीत धातू कुणाच्या तरी कामाच्या हातात दिसू द्या, म्हाताऱ्या ज्ञान्याच्या भाषणात नको. नियम सांगण्याआधी त्याचा परिणाम दाखवा: भांडं जमिनीवर पडलं आणि आवाज आला नाही. खोट पहिल्या तृतीयांशात दिसायला हवी, नाहीतर शेवटी ती सोयीची वाटते.

शेवटची तपासणी, हस्तलिखित पुरं झाल्यावर:

- धातूने केलेलं प्रत्येक काम दुसऱ्या पायरीतल्या वाक्यातून निघतं का?
- त्याची किंमत मोजणारं, नायकाशिवाय दुसरं कुणी पानावर आहे का?
- तो कुठे वितळतो, कुठे चिरतो, जुना कसा दिसतो, हे निदान एकेकदा दिसलं का?
- जे घडवता येत नाही असं म्हटलं, ते कुणी घडवलं तर नाही ना?

शेवटच्या प्रश्नापाशी थोडा जास्त वेळ थांबा. माझी टोपली त्यानेच भरली होती.